परसांतला वाफा आणि नियमशास्त्रांतील भारी गोष्टी

शास्त्रपाठ : मत्तय २३:२३, १ राजे २१:१-१६, यशया २८:२३-२९, नीतिसूत्रें १५:१७



शास्त्री व परूशी यांना प्रभु येशूनें जे कडक शब्द ऐकविले, त्यांत स्वयंपाकघरांतील तीन जिनसांचीं नांवें आहेत : पुदिना, शेप आणि जिरें. लूकाच्या शुभवर्तमानांत (११:४२) पुदिन्याबरोबर सतापाचें व इतर भाजीपाल्याचेंहि नांव येतें. हे लोक परसांतील पानापानाचा हिशेब ठेवीत व त्याचा दहावा भाग देवाला नेमानें देत. परंतु न्याय, दया आणि विश्वास ह्या भारी गोष्टींचा मात्र त्यांना विसर पडला होता.

हें वचन वाचून कित्येकांचा असा समज होतो कीं, प्रभूनें पुदिन्याला तुच्छ लेखिलें. तसें नाहीं. भारी गोष्टी आधीं कराव्या आणि हलक्याहि टाकूं नयेत, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ आहे. हलक्या गोष्टींना त्यांची जागा आहे. पण त्यांचें खरें वजन भारी गोष्टींच्या तराजूंत घातल्यावरच कळतें. म्हणून आज आपण आपल्या घरामागें किंवा दारापुढें कोथिंबीर, पुदिना, कढीलिंब, मेथी अशा रोजच्या स्वयंपाकास लागणाऱ्या वनस्पतींचा लहानसा वाफा कसा करावा ह्याचा विचार करूं, आणि मग तोच वाफा न्याय, दया व विश्वास ह्या तीन मापांनीं मोजून पाहूं.

पहिली गोष्ट : देवानें लहान वनस्पतींना क्षुद्र मानिलें नाहीं.

उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायांत मनुष्याला अन्न म्हणून जें दिलें, त्यांत बीज देणाऱ्या वनस्पतींचा उल्लेख आहे. अरण्यांत इस्राएलांना जो मान्ना मिळाला, त्याचें वर्णन करितांना मोशेला धण्याचा दाणा आठवला (निर्गम १६:३१). शलमोन राजाच्या ज्ञानाची थोरवी सांगतांना शास्त्र म्हणतें कीं, तो लबानोनांतील गंधसरूपासून भिंतींतून उगवणाऱ्या एजोबापर्यंत सर्व झाडांविषयीं बोलत असे (१ राजे ४:३३). प्रभूनें स्वर्गाच्या राज्याला उपमा दिली ती मोहरीच्या दाण्याची. आणि मोहरी ही तर आपल्या रोजच्या फोडणीची वस्तु!

आपणां मराठी लोकांना जवळचें असें एक उदाहरण सांगतों. विल्यम केरी हा इंग्लंडांतील एक चांभार. तो १७९३ सालीं बंगाल्यांत आला. मराठी भाषेचें व्याकरण त्यानें १८०५ सालीं छापून प्रसिद्ध केलें, आणि श्रीरामपूरच्या छापखान्यांतून मराठी नवा करार १८११ सालीं बाहेर पडला. भाषांतराचें एवढें ओझें डोक्यावर असतां त्यानें श्रीरामपुरास मोठी बाग राखिली, आणि १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाईत ह्यांच्या सुधारणेसाठीं एक मंडळी स्थापिली. जो मनुष्य दिवसा शब्दांची पारख करी, तोच सकाळ-संध्याकाळ रोपांची निगा राखी. हीं दोन कामें एकमेकांच्या आड येतात असें त्याला वाटलें नाहीं.

दुसरी गोष्ट : वाफा करावा तर तो ज्ञानानें करावा.

यशया संदेष्टा म्हणतो कीं, शेतकऱ्याला शेतीची रीत देवच शिकवितो. जिऱ्यावर कोणी गाडीचें चाक फिरवीत नाहीं. तें काठीनें झोडपितात. प्रत्येक बीजाची रीत निराळी आहे. जो रीत शिकत नाहीं आणि बीं उगवलें नाहीं म्हणून देवाला बोल लावितो, तो अन्याय करितो. ह्यासाठीं कांहीं साध्या गोष्टी येथें सांगतों.

आधीं जागा. ज्यांच्यापाशीं परसूं आहे त्यांनीं तीन हात लांब व दोन हात रुंद एवढाच वाफा करावा. आरंभीं ह्याहून मोठा करूं नये. ज्यांच्यापाशीं वीतभरहि जमीन नाहीं, आणि आपल्या मंडळ्यांत असे पुष्कळ आहेत, त्यांनीं फुटका माठ, गळकी बादली किंवा खाद्य तेलाचा रिकामा डबा घ्यावा. बुडाशीं दोन-तीन भोकें पाडावीं व त्यांवर खापरीचे तुकडे ठेवावे, म्हणजे पाणी निथळेल आणि माती राहील. दोन भाग माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत व एक भाग वाळू असें मिश्रण करावें. ताजें शेण घालूं नये. तें कुजतांना उष्णता सोडतें व कोंवळीं मुळें करपतात. दिवसांतून चार-पांच तास ऊन येईल अशी जागा पाहावी. उन्हाळ्यांत मात्र दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा.

कोथिंबिरीसाठीं बाजारांतून धणे आणितां येतात; पण ते भाजलेले नसावे. एकेका धण्याच्या पोटांत दोन बिया असतात. म्हणून धणे फरशीवर हलक्या हातानें रगडून त्यांच्या दोन फांकी कराव्या, रात्रभर पाण्यांत भिजवाव्या, आणि अर्ध्या बोटाइतक्या खोल पेराव्या. मोड यावयास आठ ते बारा दिवस लागतात, कधीं त्याहूनहि अधिक. पांचव्या दिवशीं माती उकरून पाहूं नये! चाळीस दिवसांच्या सुमारास कापणी होते. सगळें एकदम न पेरतां दर पंधरा दिवसांनीं थोडे थोडे धणे पेरावे, म्हणजे घरांत खंड पडत नाहीं. कडक उन्हाळ्यांत कोथिंबिरीला लवकर फुलोरा येतो. तेव्हां ती फुलूं द्यावी व पुढच्या पेरणीसाठीं धणे राखून ठेवावे.

मेथी सर्वांत सोपी. रात्रीं भिजवून सकाळीं पेरली कीं तीन-चार दिवसांत उगवते आणि पंचवीस ते तीस दिवसांत भाजीला येते. पुदिन्याला बीं नको. बाजारच्या जुडीतून जाड देंठाच्या चार काड्या निवडाव्या, खालचीं पानें काढावीं, आणि पाण्याच्या पेल्यांत ठेवाव्या. आठ-दहा दिवसांत मुळें फुटतात. पण पुदिना जमिनींतून पसरतो आणि शेजारच्या रोपांना दाबून टाकतो. म्हणून त्याला निराळ्या डब्यांत ठेवावें. लसणीची पाकळी टोंक वर करून रोंवावी. दोन आठवड्यांत हिरवी पात खुडतां येते. गवती चहाचें एक ठोंब कोणाकडून मागून आणिलें कीं तें वर्षानुवर्षें पुरतें. ओव्याच्या जाड पानाची फांदी मातींत खोंचली तरी जगते. आल्याचा डोळा आलेला तुकडा वैशाख-ज्येष्ठांत लावावा. तें काढावयास आठ-नऊ महिने लागतात, आणि त्याच्या मुळाशीं पाणी सांचलें तर तें कुजतें.

कढीलिंबाला धीर लागतो. त्याचीं पिकून काळीं झालेलीं फळें घेऊन गर काढून बीं लागलेंच पेरावें. वाळवून ठेविलेलें बीं उगवत नाहीं. किंवा जुन्या झाडाच्या मुळांतून फुटलेलें रोप उपटून आणावें. पहिल्या वर्षीं त्याचीं पानें ओरबाडूं नयेत. पुढें शेंडा खुडावा, म्हणजे बाजूनें फांद्या फुटतात.

मावा पडला तर पाण्याचा जोरकस शिडकावा करावा. तेवढ्यानें न भागल्यास पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून फवाराव्या, आणि पानें खाण्यापूर्वीं नीट धुवावीं. शेतांतील कपाशीसाठीं आणिलेलें औषध ह्या वाफ्यावर कदापि मारूं नये. आणि येथें एक गोष्ट मोठ्यानें सांगितली पाहिजे : कीटकनाशकाचा रिकामा डबा, तो कितीहि धुतला तरी, कोथिंबीर लावण्यासाठीं, पाणी भरण्यासाठीं वा धान्य ठेवण्यासाठीं वापरूं नये. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें अनेक शेतकरी व मजूर दगावले, हें आपण विसरूं नये. अलीशा संदेष्ट्याच्या काळीं एकानें रानांत भाजी खुडतांना न ओळखतां कडू फळें आणून सर्वांच्या भांड्यांत चिरून टाकलीं, आणि जेवणारे ओरडले कीं ह्यांत मरण आहे (२ राजे ४:३८-४१). त्या मनुष्याचा हेतु वाईट नव्हता. पण हेतु चांगला असून जेवण विषारी होऊं शकतें. म्हणून आपण काय लावितों व कशांत लावितों हें ओळखणें हा भक्तीचाच भाग आहे.

ह्या वाफ्यापासून फार मोठी आशाहि धरूं नये. पोट भरतें तें भाकरीनें. चार डब्यांतल्या पाल्यानें कोणाचें दारिद्र्य गेलें नाहीं. परंतु पावसाळ्यांत जुडी महाग होते तेव्हां बाजारांत हात आंखडावा लागत नाहीं. वरणावर चार हिरवीं पानें पडतात व पोरांना जेवण गोड लागतें. ह्या पाल्यांत शरीराला उपयुक्त अशीं द्रव्येंहि आहेत. एवढा लाभ पुरे आहे. आतां त्या भारी गोष्टींकडे वळूं.

तिसरी गोष्ट : वाफा न्यायानें मोजावा.

अहाब राजाला इज्रएलांत आपल्या वाड्याशेजारीं असलेला नाबोथाचा द्राक्षमळा कशासाठीं हवा होता? किल्ल्यासाठीं नव्हे, मंदिरासाठींहि नव्हे. तो मळा घराजवळ होता, म्हणून तेथें भाजीपाला लावावा अशी त्याला इच्छा झाली. नाबोथानें वडिलोपार्जित वतन देण्यास नकार दिला. मग खोटे साक्षीदार उभे राहिले, दगड उचलले गेले, आणि राजाच्या ताटांतील भाजीसाठीं एका निरपराध मनुष्याचा प्राण गेला. बंधूंनो, भाजीचा वाफा ही इतकी निरुपद्रवी वस्तु आहे असें समजूं नका. आपल्या गांवांत वीतभर कुंपण पुढें सरकवल्यावरून, सांडपाण्याचा पाट दुसऱ्याच्या दारांत सोडल्यावरून, शेजाऱ्याच्या शेळीनें रोपें खाल्लीं म्हणून तिचा पाय मोडल्यावरून किती भांडणें चावडीपर्यंत गेलीं, हें तुम्हांला ठाऊक आहे. त्यांतील कांहीं घरें रविवारीं एकाच प्रभुभोजनास येतात! वाफा आपल्याच हद्दींत असावा. शेजाऱ्याची कोंबडी आली तर काठी उचलण्याच्या आधीं कुंपण नीट करावें.

न्यायाची दुसरी कसोटी पाणी ही आहे. मोशेनें इस्राएलांना सांगितलें कीं, मिसर देशांत भाजीच्या मळ्याप्रमाणें पायांनीं पाणी द्यावें लागे; वचनाचा देश मात्र आकाशांतील पावसाचें पाणी पितो (अनुवाद ११:१०-११). आपला बराच मुलूख मिसरासारखाहि नाहीं. माघ संपला कीं पाय हलवूनहि पाणी मिळत नाहीं. अशा गांवांत वाफ्याचें पाणी कोण आणितें? घरधनी म्हणतो, "आम्हीं बाग केली". आणि त्या बागेसाठीं दोन हंडे अधिक आणण्याचें काम बायको व मुलगी करितात. मुलगी शाळेला उशिरा पोंचते, आणि वाफा पाहून उपदेशक घरधन्याची वाखाणणी करितो. हा पुदिन्याचा दशांश झाला आणि न्याय राहून गेला. म्हणून नियम असा असावा : ज्याला वाफा हवा त्यानें त्याचें पाणी आणावें, आणि घरांतील पुरुषांनीं व मुलग्यांनीं ह्या कामास आधीं हात लावावा. शिवाय नवें पाणी आणण्यापूर्वीं असलेलें वापरावें. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेलें पाणी रोपांना चांगलें असतें. तें एका घमेल्यांत सांठवावें. साबणाचें वा न्हाणीचें पाणी मात्र कच्च्या खाण्याच्या पानांना घालूं नये.

ह्या पाण्याविषयीं आणखी एक शब्द. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांचे वाडवडील असे होते कीं, त्यांना गांवच्या पाणवठ्यावर उभें राहूं दिलें जात नसे. तळ्याचें पाणी ओंजळीनें घ्यावें एवढ्या हक्कासाठीं २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो लोक चवदार तळ्यावर चालून गेले. ज्यांच्या घराण्याला तहानेचा अपमान ठाऊक आहे, त्यांनीं आपल्या बोअरच्या नळाला कुलूप लावून शेजारणीची रिकामी घागर परत पाठवावी काय? आपलीं रोपें हिरवीं आणि शेजाऱ्याचा माठ कोरडा असेल, तर तो हिरवेपणा देवापुढें आपल्याविरुद्ध साक्ष देईल.

चौथी गोष्ट : वाफा दयेनें मोजावा.

देवानें ह्या वनस्पतींचा स्वभावच असा केला आहे कीं, दिल्यानें त्या वाढतात. पुदिना खुडला नाहीं तर लांबट व निकस होतो. खुडला तर दाट होतो. गवती चहाचें ठोंब फोडून वांटलें नाहीं तर मधून वाळतें. कढीलिंबाच्या मुळांतून जीं रोपें फुटतात, तीं जणूं शेजाऱ्यासाठींच फुटतात. म्हणून ज्यानें एका घरून काडी आणिली त्यानें पुढील वर्षीं दोन घरांना काडी द्यावी, असा मंडळीचा रिवाज पडावा.

पण देणें सोपें आणि घेणें कठीण आहे. हें बोलणें कांहींना बोंचेल, तरी बोलिलें पाहिजे. आपण बाप्तिस्मा घेऊन एक शरीर झालों. तरीहि कोणाच्या हातची कोथिंबीर कोणाच्या कालवणांत चालते आणि कोणाची चालत नाहीं, ह्याचा हिशेब कांहीं घरांत अजून गुपचूप चालतो. पूर्वींची जात पाट्यावरून पुसली. पाट्यावर वांटलेल्या चटणीवरून पुसली काय? पेत्र अंत्युखियांत परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे, आणि यरुशलेमाकडून माणसें येतांच मागें सरला. तेव्हां पौलानें त्याला तोंडावर दोष दिला (गलती २:११-१४). ज्या दिवशीं तुम्ही अशा शेजाऱ्याच्या डब्यांतील पुदिना मागून आणाल, कीं ज्याच्याकडून मागणें तुमच्या वडिलांना कमीपणाचें वाटलें असतें, त्या दिवशीं तुमच्या चटणीला सुवार्तेची चव येईल.

तसेंच ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांविषयीं. कित्येक नवीन विश्वासणारे विचारितात कीं, आपल्या वाफ्यांत तुळस लावावी काय? झाड हें देवाच्या हातचें आहे. खोकल्याच्या काढ्यांत तुळशीचीं पानें घातल्यानें कोणी भ्रष्ट होत नाहीं. परंतु ज्याचें मन जुन्या पूजेच्या आठवणीनें कचरतें, त्यानें ती लावूं नये. आणि जो लावितो त्यानें त्याला हसूं नये. आणि दोघांनींहि शेजारच्या अंगणांतील वृंदावनाविषयीं टवाळीचा शब्द काढूं नये. आपली सुवार्ता दुसऱ्याच्या तुळशीला नांवें ठेवून पसरत नाहीं. त्याच्या घरीं आजार असतां गवती चहा व आल्याचा तुकडा घेऊन गेल्यानें कदाचित् पसरेल.

दयेचें आणखी एक काम आहे, आणि तें आपल्या भागांत फार जवळचें आहे. दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें ऊसतोडीला जातात व चैत्राच्या आसपास परततात. घरीं म्हातारीं माणसें व कधीं शाळेंतलीं मुलें राहतात. त्या घराच्या दारचीं रोपें सुकून जातात, आणि तीं सुकलेलीं पाहून म्हातारी कोणाशीं बोलत नाहीं. मंडळीनें असें कां करूं नये कीं, जें घर गांवांत आहे त्यानें जाणाऱ्या घराचे डबे वांटून घ्यावे, दिवसाआड तेथें जाऊन पाणी घालावें? पाणी घालावयास गेलेला मनुष्य म्हातारीनें दोन घांस खाल्ले कीं नाहीं हेंहि पाहील. रोप हें निमित्त होईल आणि भेट हें खरें काम होईल. उपदेशकबंधूंनो, नुसती "भेट द्या" असें सांगून लोक जात नाहींत. हातांत तांब्या दिला तर जातात.

आणि जे जातात त्यांनाहि शास्त्रांत वचन आहे. बाबेलास धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानें पत्र लिहून सांगितलें कीं, तेथें घरें बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरांत आहां त्याचें हित चिंता (यिर्मया २९:४-७). परमुलुखांत कोपीच्या दाराशीं एका डब्यांत मेथी पेरली तर महिन्याच्या आंत ती कापतां येते. तळ दुसरीकडे हलला तर डबा बैलगाडींत बसतो. जें घर आपलें नाहीं तेथेंहि देव आपला आहे, ह्याची ती खूण होईल.

पांचवी गोष्ट : वाफा विश्वासानें मोजावा.

ज्या विश्वासाचें नांव प्रभूनें न्याय व दया ह्यांच्याबरोबर घेतलें, त्यांत विश्वासूपणाहि येतो. तो एकदां टाळ्या वाजवून संपत नाहीं. पहिल्या आठवड्यांत सर्व घर वाफ्याभोंवतीं जमतें. तिसऱ्या आठवड्यांत एकालाहि आठवण राहत नाहीं. आपल्या कित्येक प्रार्थनासभांचीहि हीच गति होते. कोथिंबिरीला बारा दिवस धीर धरवत नाहीं, तो मनुष्य आपल्या मुलाच्या किंवा भावाच्या अंतःकरणांतील बीजासाठीं बारा वर्षें कशी वाट पाहील? पौल म्हणतो कीं, कोणी लाविलें, कोणी पाणी घातलें, आणि वाढ देवानें दिली (१ करिंथ ३:६-७). वाढ देणें आपल्या हातीं नाहीं. पाणी घालणें मात्र आहे, आणि त्याची विचारपूस आपणांपाशीं होईल.

नुकसान होईल हेंहि धरून चाला. गारा पडतील, कोंबड्या उकरतील, धुक्यानें पानें गळतील. ज्या केरीचें नांव वर घेतलें, त्याच्या श्रीरामपूरच्या छापखान्याला १८१२ सालीं आग लागली व भाषांतराचीं हस्तलिखितें आणि टाईप जळून गेले. पुढें १८२३ सालीं नदीला पूर आला आणि त्याच्या हौसेच्या बागेची धूळधाण झाली. दोन्ही वेळां त्यानें पुन्हा आरंभ केला. ज्याचा भरंवसा वाफ्यावर असतो तो वाफा वाहून गेल्यावर खचतो. ज्याचा भरंवसा वाढ देणाऱ्यावर असतो तो कुदळ शोधूं लागतो.

आतां शेवटचा शब्द. नीतिसूत्रांत असें शिकविलें आहे कीं, द्वेष असलेल्या घरांतील पुष्ट बैलाच्या मेजवानीपेक्षां प्रेम असलेल्या घरांतील भाजीपाल्याचें जेवण बरें. येथें भाजी चांगली कीं मांस चांगलें हा वाद नाहीं. ताटाजवळ बसलेलीं माणसें एकमेकांकडे कशीं पाहतात, हा प्रश्न आहे. ज्या घरांत बाप दारू पिऊन येतो आणि आई भीत भीत वाढते, त्या घरांतल्या कोथिंबिरीला वास असतो पण आनंद नसतो. आणि ज्या घरांत भाकरी व मिरचीचा ठेंचाच आहे, पण नवरा-बायको एकमेकांचें ऐकून घेतात, सासू सुनेला आधीं वाढते व शेजारचें उपाशी पोर न बोलावतां येऊन बसतें, त्या घरीं प्रभु जेवावयास येतो.

म्हणून ह्या आठवड्यांत एक डबा भरा, चार धणे रगडा, दोन काड्या पाण्यांत ठेवा. पण माती हातीं घेण्याच्या आधीं हे तीन प्रश्न स्वतःला विचारा : ह्याचें पाणी कोण आणील? ह्यांतलें पहिलें पान कोणाच्या घरीं जाईल? आणि महिन्यानंतरहि मी येथें तांब्या घेऊन उभा असेन काय? ज्याला ह्यांचीं उत्तरें देतां येतील, त्याच्या पुदिन्याचा दशांश देव संतोषानें स्वीकारील.

प्रार्थना करूं या : हे स्वर्गीय पित्या, गंधसरूवर आणि एजोबावर सारखीच दृष्टि ठेवणाऱ्या प्रभो, आमच्या लहान कामांत आम्हांला विश्वासू कर. आमचें कुंपण दुसऱ्याच्या जागेंत जाऊं देऊं नको. आमच्या घरांतील जिच्या डोक्यावर हंडा आहे तिचें ओझें आम्हांला दिसूं दे. जे पोटासाठीं दूर गेले आहेत त्यांना व त्यांच्या मागें राहिलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळ, आणि त्या कामीं आमचे हात वापर. आम्ही जें पेरितों त्याला तूं वाढ दे, आणि तें वांटून खाण्याची बुद्धि दे. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.